इतिवृत्त, पान चार

माझं काम ऐकण्याचं नाही, उतरवण्याचं.
एडिंबरा, विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी संसद,
समिती कक्ष दोन, मंगळवार, सकाळी सव्वानऊ.
विषयपत्रिकेवर तिसरं:
वृद्धांची घरपोच काळजी, धोरण आणि अंमलबजावणी.

साक्षीदार एफी मॅकॲस्किल, हॅरिस बेटावरची.
सोमवारी फेरीबोट सुटणार नाही
हे तिला शनिवारच्या आकाशावरूनच कळलं होतं,
म्हणून ती रविवार धरून निघणार होती, पण रविवारी तिकडे
देवाशिवाय कुणी काम करत नाही.
तेव्हा शनिवारीच निघाली.
कोट शेवटपर्यंत अंगातून काढला नाही.

ती गेलिकमध्ये बोलली.
माझ्या कानात दुभाषा, अर्धं वाक्य मागे,
लंगड्या मेंढीसारखा.

आधी खात्याचे उपसंचालक बोलले होते, चौकटी, निष्पत्ती,
व्यक्तिकेंद्री दृष्टिकोन. म्हणाले,
हा एक प्रवास आहे, आणि आपण सगळे त्या प्रवासात आहोत.
एफीनं विचारलं,
तुम्हाला प्रवासाचे पैसे मिळतात का?
मला दोन घरांमधल्या रस्त्याचे मिळत नाहीत.
(हशा.)
हशाला आमच्याकडे खूण आहे.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, पंधरा मिनिटांच्या भेटीत
नेमकं काय काय होतं?

ती बोटं मोडत सांगू लागली.
दार. हाक. गोळ्या. ओली चादर.
टॉर्कल एक्क्याण्णव वर्षांचे, एके काळी मागावर बसायचे,
अजूनही पाय पलंगात पायट्या मारतात.
त्यांना चहा हवा असतो आणि त्यांचे हात थरथरतात,
म्हणून कप मलाच धरावा लागतो.
उकळता चहा निवायला लागतात नऊ मिनिटं.
नऊ मिनिटं माझ्याकडे नसतात.
मी चहात नळाचं थंड पाणी ओतते.
ते काही म्हणत नाहीत. कोमट चहा पितात.
तुमच्या फॉर्मवर रकाना आहे, द्रवपदार्थ दिला: होय की नाही.
मी लिहिते, होय.

इथे दुभाषा थांबला, कारण तीही थांबली होती.
माझ्या यंत्रावर अकरा सेकंद.
कुणीतरी पाण्याचा जग हलवला, परत ठेवला.
व्यत्ययाला खूण आहे, हशाला आहे,
सभात्याग झाला तर त्यालाही आहे.
या अकरा सेकंदांना नव्हती.
मी एक ओळ मोकळी सोडली,
वरिष्ठांनी ती दुपारी मिटवली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, समितीने नोंद घेतली आहे.
नोंद घेतली म्हणजे मी घेतली.
त्या कक्षात दुसऱ्या कुणाच्या हातात पेन नव्हतं,
एक बडे सभासद सोडून, ते बदक काढत होते.
चांगलं काढलं होतं, खरं सांगायचं तर.

काळजी घेणं वेगळं, काळजी वाटणं वेगळं,
काळजीवर धोरण आखणं आणखी तिसरंच,
शब्द मात्र एकच, गरिबाघरच्या एकुलत्या चांगल्या कोटासारखा,
ज्याला बाहेर जायचं तो घालतो.

मसुदा साक्षीदाराला पाठवायचा असा नियम.
तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं, निळ्या शाईत,
पोचायला पुन्हा वाऱ्यामुळे उशीर.
एकच दुरुस्ती सुचवली होती.
पान चार, ओळ सतरा:
'पितात' खोडून 'प्यायचे' करावं.

मी नियमपुस्तिका उघडली, पाठ असूनही.
ऐकण्यात चूक झाली असेल तर सुधारावी.
नंतर जे घडलं त्यासाठी बोललेलं बदलता येत नाही.
तसं तिला कळवलं. शोक व्यक्त करायला
ठरीव मजकुरात जागा नव्हती,
मी हातानं खाली दोन ओळी लिहिल्या,
त्या आता मला आठवत नाहीत.

समितीचा अहवाल हिवाळ्यापर्यंत अपेक्षित आहे.
इतिवृत्त छापून झालं, कपाटात गेलं.
पान चार, ओळ सतरा,
टॉर्कल पितात.